टेम्प्लेटमधली अट आणि लूप

वेबपानाचा टेम्प्लेट म्हणजे रिकाम्या जागा सोडलेला छापील फॉर्म. माहिती आली की जागा भरल्या जातात. पण काही मजकूर ठराविक वेळीच दिसायला हवा, त्यासाठी अट लागते. आणि काही मजकूर प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा उमटायला हवा, त्यासाठी लूप. जँगो, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर यांच्या लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी काम हेच.

महाड तालुक्यातल्या दासगावचं उदाहरण घेऊ. जुलै २००५ च्या पावसात इथे आणि जवळच्या जुई, रोहन, कोंडिवते या गावांत दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. समजा, अशा गावासाठी पावसाच्या इशाऱ्याचं पान बनवायचं आहे.

हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांतला ६४.५ मिमीपासूनचा पाऊस मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून पुढचा अत्यंत मुसळधार. टेम्प्लेट अटी वरून खाली तपासतो आणि पहिली खरी ठरली की थांबतो. सगळ्यात वर ‘६४.५ किंवा जास्त’ लिहिलं, तर ३०० मिमी पावसालाही पान नुसतं ‘मुसळधार’ म्हणेल. कुठेही चूक दाखवली जाणार नाही. म्हणून मोठ्या आकड्याची अट आधी.

रिअ‍ॅक्टमध्ये शून्याची गंमत आहे. ‘इशाऱ्यांची संख्या असेल तर यादी दाखव’ असं ‘अँड’ चिन्हाने थोडक्यात लिहिलं आणि संख्या शून्य असली, की यादी दिसत नाही, पण पानावर एक एकटं ‘०’ उमटतं. ‘संख्या शून्यापेक्षा जास्त आहे का’ असं स्पष्ट विचारलं की ते जातं.

खरा धोका रिकाम्या यादीत आहे. जँगोच्या लूपमध्ये यादी रिकामी असल्यास काय दाखवायचं, याची वेगळी शाखा असते. अँग्युलरच्या २०२३ मधल्या १७ व्या आवृत्तीपासून तिथेही तशी सोय झाली. तिथे आपण ‘सध्या इशारा नाही’ लिहितो. पण माहिती यायच्या आधीही यादी रिकामीच असते, आणि पावसात नेटवर्क गेलं तर ती रिकामीच राहते. लोक ‘इशारा नाही’ वाचून निर्धास्त झोपतील! माहिती येते आहे, येऊ शकली नाही, आली पण इशारा नाही, इशारा आहे: या चारही अवस्था वेगळ्या दाखवायलाच हव्यात. सोबत माहिती शेवटची कधी आली ती वेळ. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक वेळा राहून जातं.

लूपमधल्या प्रत्येक ओळीला ओळख द्यावी लागते, तिला ‘की’ म्हणतात. अनेक जण ओळीचा क्रमांकच ‘की’ म्हणून देतात. आता वाड्यांची यादी पावसाच्या क्रमाने लावली आहे आणि स्वयंसेवक पहिल्या वाडीसमोर ‘फोन केला’ची खूण करतो. यादी ताजी होते, दुसरीच वाडी वर येते. खूण मात्र पहिल्या ओळीवरच राहू शकते. फोन न गेलेल्या वाडीसमोर ‘फोन केला’! वाडीचा स्वतःचा कायम सांकेतांक ‘की’ म्हणून दिला, तर खूण वाडीबरोबर सरकते. अँग्युलरच्या नव्या पद्धतीत अशी ओळख सांगणं सक्तीचं आहे, ते योग्यच.

व्ह्यूमध्ये ‘व्ही-इफ’ मजकूर पानातून काढूनच टाकतो, ‘व्ही-शो’ फक्त झाकतो. पण गावकऱ्यांचे फोन नंबर ब्राउझरपर्यंत पोचले असतील, तर दोन्हीपैकी कशानेही ते लपत नाहीत. ते सर्व्हरवरच अडवावे लागतात.