बेथेल : मराठवाड्यातील एका ग्रामीण मंडळीची कथा

मराठवाड्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास सांगताना आपण कॅथलिक लोक बहुधा आपल्याच अंगणापासून सुरुवात करतो. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली आणि धाराशिवपासून जालन्यापर्यंतचा मुलूख एका बिशपांच्या देखरेखीखाली आला, हे आपणांस ठाऊक असते. परंतु याच मुलखात, तो निजामाच्या राज्यात असताना, या घटनेच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एक वेगळाच ख्रिस्ती प्रयोग सुरू झाला होता. प्रेस्बिटेरियन पंथाची ग्रामीण मंडळी या प्रदेशात कशी रुजली, हे धाराशिवच्या किंवा बीडच्या वाचकाला जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याला जालन्याजवळच्या बेथेल या छोट्याशा वस्तीकडे वळावे लागेल.

'प्रेस्बिटेरियन' हा शब्द आपल्या कानांना परका वाटतो. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र अगदी घरगुती आहे : वडील. १५६० साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली आणि पुढे तेथील ख्रिस्तसभेत बिशपांच्या जागी वडिलांच्या सभा आल्या. प्रत्येक मंडळीत पाळक आणि वडील मिळून कारभार पाहतात. अनेक मंडळ्यांचे पाळक व वडील एकत्र बसतात, तिला प्रेस्बिटरी म्हणतात. पुढे १८४३ साली स्कॉटलंडच्या या सभेतच मोठी फूट पडली. मंडळीवर पाळक लादण्याचा अधिकार जमीनदारांना असावा काय, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. तो अधिकार अमान्य करून साडेचारशेहून अधिक पाळक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले आणि 'फ्री चर्च' स्थापन झाले. मुंबईतील डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी मिशनरीही याच पक्षास मिळाले.

योगायोग असा की, त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. विल्सनसाहेबांच्या शाळेतील हा विद्यार्थी. त्याच्यापाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. श्रीपतचे वय तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या हवाली केले. एवढ्यावर प्रकरण मिटले नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजात दोन तट पडले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी श्रीपतला परत घ्यावे असा आग्रह धरला आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. एका घराची अशी दोन शकले झाली. एक भाऊ घरी परतला, तर दुसऱ्याला घराचे दार कायमचे बंद झाले. आपल्या धर्मांतराच्या इतिहासात आपण बाप्तिस्म्याचा आनंद मांडतो. त्या आईबापांच्या वाट्यास आलेले दुःखही त्याच इतिहासाचा भाग आहे, हे विसरून चालणार नाही.

नारायण शेषाद्री यांना १८५४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढच्या दशकात त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना हे तेव्हा लष्करी छावणीचे आणि व्यापाराचे गाव. येथे त्यांच्या उपदेशास साद दिली ती प्रामुख्याने मातंग समाजाने. गावगाड्यात या समाजाच्या वाट्याला दोर वळणे, वाद्ये वाजविणे अशी कामे होती. त्याबदल्यात सुगीला मिळणारे बलुते हाच त्यांच्या पोटाचा आधार. घर गावकुसाबाहेर आणि चावडीवर बसण्याचा मान नाही. मातंग कुटुंबाने ख्रिस्ती व्हावे, तर हे बलुतेही हातचे जाण्याचा धोका असे. म्हणूनच केवळ उपदेश पुरेसा नव्हता. पायाखाली जमीन हवी होती.

ती जमीन मिळाली निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. १८७० च्या सुमारास तीवर वसविलेल्या ख्रिस्ती गावास नाव दिले बेथेल. उत्पत्तीच्या पुस्तकात उशाला धोंडा घेऊन निजलेल्या याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोचणारी शिडी दिसली आणि त्या जागेला त्याने 'देवाचे घर' म्हटले, ते हे बेथेल. गावात ज्यांना घराची चांगली जागा कधी मिळाली नव्हती, त्यांच्या वस्तीला देवाच्या घराचे नाव मिळावे, यातील अर्थ त्या लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुसलमान राज्यकर्त्याचा दिवाण, जन्माने ब्राह्मण असलेला पाळक, स्कॉटलंडमधील दाते आणि मराठवाड्यातील मातंग शेतकरी व मजूर, अशा चौघांच्या हातांनी ही वस्ती उभी राहिली.

तथापि बेथेलचे खरे महत्त्व जमिनीत नाही. ज्याला चावडीवर बसू दिले जात नव्हते, त्या माणसासाठी या पंथाच्या रचनेत एक आसन राखलेले होते. मंडळीचा वडील म्हणून निवडला गेलेला माणूस पाळकाच्या शेजारी बसे. कोणाला प्रभुभोजनास घ्यावे, तंटा कसा मिटवावा, दानाचा पैसा कसा खर्चावा, याचा निर्णय त्याच्या मताने होई. ते मत नुसता सल्ला नसे; पाळकाच्या मताइतकेच त्याला वजन असे. ज्या देशात पंचायतीतील जागा जन्मावरून ठरत असे, तेथे ही गोष्ट लहान नव्हती.

पण तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर राहते. जमीन मिळविणारा, उपदेश करणारा आणि मदत गोळा करणारा माणूस एकच असला, की वडिलांच्या सभेपेक्षा त्या एकाकडेच सर्वांचे डोळे लागतात. नारायण शेषाद्री यांची कीर्ती दूरवर पोचली होती. १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घातलेल्या या भारतीय पाळकाने श्रोत्यांचे लक्ष वेधून घेतले होते. १८९१ साली अशाच परदेशप्रवासात, समुद्रावर, त्यांचे निधन झाले. ज्याने वस्तीला 'देवाचे घर' दिले, त्याला आपल्या लोकांत शेवटचा श्वास घेता आला नाही. बेथेलकरांपुढे तेव्हा जो प्रश्न उभा राहिला, तो पाळक किंवा फादर बदलून जाताच प्रत्येक खेड्यातील मंडळीपुढे उभा राहतो : हे मंदिर त्यांचे होते, की आपले?

यानंतर वरच्या पातळीवर नावे बदलत राहिली. १९०० साली स्कॉटलंडमधील फ्री चर्च दुसऱ्या एका सभेशी मिळून युनायटेड फ्री चर्च झाले. १९०४ साली भारतातील प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९२४ साली त्यांचा काँग्रिगेशनल मंडळ्यांशी मिलाफ होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया अस्तित्वात आले आणि १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीत अँग्लिकनही सामील झाले. बिशप नको म्हणून ज्यांचे पूर्वज झगडले, त्यांचे वारस बिशपांसह एका सभेत आले आणि वडिलांच्या विचाराने चालण्याची आपली रीतही त्यांनी बरोबर आणली.

आपल्यासाठी या कथेत काय आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश प्रसृत केला आणि विभक्त बांधवांकडे आदराने पाहण्यास आपणांस शिकविले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने धर्मग्रामाच्या परिषदेची तरतूद केली. ही परिषद सल्ला देते, निर्णय धर्मगुरूंचा असतो. आपली रचना वेगळी आहे आणि ती वेगळी असण्यास कारणेही आहेत. परंतु सल्ला विचारला जातो तेव्हा तो देण्यासाठी आपल्या धर्मग्रामातील कोण पुढे येतो? शिकलेला, पैसेवाला, देवळाजवळ राहणारा की पाड्यावरचा मजूरही? फादरांची बदली झाली की आपली संध्याकाळची जपमाळ, आजाऱ्यांच्या भेटी, गरिबाघरच्या मयताला खांदा देणे हे सारे तसेच चालू राहते काय?

आपल्याकडे धर्मगुरूंना फादर म्हणतात, त्यांच्याकडे मंडळीच्या कारभाऱ्यास वडील म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. फरक इतकाच की, बेथेलसारख्या मंडळीत हा मान गावकुसाबाहेर राहिलेल्या शेतकऱ्यालाही मिळू शकत होता. ज्याला वडीलपण मिळते, त्याला घराची काळजीही वाहावी लागते. ती काळजी आपल्यातील किती जण वाहतात, यावरच आपल्या देवळांचे उद्याचे दिवस ठरणार आहेत.