ईलीचा मनोरा पडला तेव्हा

इंग्लंडचा इतिहास आम्ही मराठीतून शिकलो, तो राजे, लढाया आणि सनावळ्यांचा. इमारती बांधणाऱ्यांची नावं त्यात नसायची. त्यामुळे ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅम हा माणूस मला निवृत्तीनंतरच्या वाचनात भेटला, आणि मनात घर करून राहिला.

केंब्रिजच्या उत्तरेला सपाट, एकेकाळी दलदलीचा प्रदेश आहे. त्यात थोडं उंचावर ईली नावाचं गाव. तिथल्या मठाच्या चर्चचं बांधकाम नॉर्मन काळात, १०८३ मध्ये सुरू झालं. ११०९ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. मधोमध चार जाडजूड खांब, त्यांवर दगडी मनोरा.

१३२१ मध्ये शेजारी मेरीच्या नावाने नवं प्रार्थनागृह बांधायला घेतलं. पाया खणला आणि पुढच्याच फेब्रुवारीत, १३२२ मध्ये, मनोरा कोसळला. त्या खोदाईने ओली जमीन हलली असावी, असा तर्क केला जातो. मठवासी रात्रीची प्रार्थना आटोपून नुकतेच गेले होते, म्हणून वाचले. आवाज एवढा झाला की त्यांना भूकंपच वाटला!

मठाच्या इमारतींची जबाबदारी ॲलनवर होती. काय करावं, कुठे वळावं, त्याला काही काळ सुचेना. मग त्याने दगडमातीचे ढीग उपसून जागा साफ केली. त्यानंतर त्याने जे केलं, ते मला फार मोठं वाटतं. पडलेले चार खांब त्याने पुन्हा उभारलेच नाहीत. भार एवढ्याशा जागेत नको, म्हणून मध्यापासून दूर आठ ठिकाणं नीट मोजून आखली, घट्ट जमीन लागेपर्यंत खणली, दगड-वाळूने पाया भरला आणि आठ खांब उभे केले. १३२८ पर्यंत दगडी काम झालं.

आता मध्ये सुमारे ७० फुटांची मोकळी जागा उरली. तिच्यावर दगडी छत घालणं अवघडच. मग विल्यम हर्ली हा राजाचा सुतार आला. ओकचे ६३ फूट लांबीचे आठ वासे लागणार होते. तेवढ्या झाडांसाठी दूरवर शोध घ्यावा लागला. ती आणायला रस्ते आणि पूल मजबूत करावे लागले. गंमत म्हणजे हे आठ वासे जमिनीला टेकतच नाहीत. त्यांचा भार तिरक्या तुळयांवरून दगडी खांबांकडे जातो. वरच्या खिडक्यांतून उजेड खाली उतरतो, म्हणून इंग्रजीत या भागाला चक्क ‘कंदील’ म्हणतात. १३४० च्या सुमारास तो पुरा झाला. मधल्या शतकांत दुरुस्त्या झाल्या, पण ती रचना आजही उभी आहे.

पुढे १३४५ मध्ये मठवासीयांनी ॲलनला बिशप म्हणून निवडलं. पोपने दुसऱ्यालाच नेमलं. ॲलन मठाचा प्रमुख होता, तोच राहिला.

पडलेलं पुन्हा उभं राहतंच असं नाही, हेही ईलीतच दिसतं. याच इमारतीच्या पश्चिमेकडची एक बाजू नंतर पडली, ती कुणी बांधलीच नाही. समोरून पाहिलं तर ती उणीव लगेच डोळ्यात भरते. शेजारीच, आत, ॲलनचा कंदील आहे. आपलं काही कोसळलं की आपण बहुधा होतं तसंच परत मागतो. ते का पडलं, हे ॲलनने आधी जमिनीला विचारलं.