यात रिझर्व्ह कुठे आहे?

बाबांनी बावीस वर्षं बजाज चेतक चालवली. त्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नव्हता. किती उरलंय ते बघायचं तर टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचं, स्कूटर हलवून आवाज ऐकायचा. तेही राहून गेलं तर गाडी आचके द्यायला लागली की सीटखालचा कॉक रिझर्व्हला फिरवायचा आणि पंप गाठायचा. गेल्या वर्षी आमच्याकडे इलेक्ट्रिक कार आली, तेव्हा शोरूममध्ये बाबांचा पहिला प्रश्न होता, "यात रिझर्व्ह कुठे आहे?" विक्रेता हसून म्हणाला, "काका, सगळं स्क्रीनवर दिसतं."

नोव्हेंबरात एका रात्री कोल्हापूरहून काकाचा फोन आला. आजीला दवाखान्यात हलवलं होतं. आम्ही तसेच निघालो. कागदावर गाडीची रेंज तीनशे किलोमीटरच्या वर, कोल्हापूर सव्वादोनशेच्या आसपास. खंबाटकीचा घाट चढताना टक्के भराभर उतरले, पण घाटात ते होणारच, म्हणून मी गप्प राहिले. कराड सोडलं तेव्हा स्क्रीनवर २१ टक्के होते. त्यानंतर पाच-सात मिनिटांत तो आकडा ९ वर आला. २०, १९, १८ असा नव्हे. एकदम उडी मारून. मागच्या सीटवर आई जपमाळ ओढत होती, तिला आम्ही काही सांगितलं नाही. एसी बंद केला, ट्रकच्या मागे साठच्या वेगाने रांगत पेठ नाक्याच्या अलीकडे एका हॉटेलचा चार्जर गाठला. तिथे पन्नास मिनिटं गेली. बाबा एवढंच म्हणाले, "बघ, याला रिझर्व्ह नाही."

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. स्क्रीनवरचा आकडा येतो कुठून, हा प्रश्न मला त्याआधीच पडायला हवा होता. आजी बरी होऊन घरी आल्यावर मी त्याच्या मागे लागले आणि शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेले.

पेट्रोल ही बघता येणारी गोष्ट आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची टाकी पुढच्या सीटखाली असे. सीट उचलायची, लाकडी पट्टी बुडवायची, ओली किती झाली ते बघायचं. विजेच्या गाडीत बुडवायला काही नाही. तरीही सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गाड्यांचं नशीब चांगलं होतं, कारण त्या शिशाच्या बॅटरीवर चालत. गास्ताँ प्लाँतेने १८५९ साली केलेली ही बॅटरी आतून प्रामाणिक आहे. ती वापरली जाते तेव्हा तिच्यातलं गंधकाम्ल खर्च होतं आणि द्रव पातळ होत जातो. म्हणजे द्रवाची घनता मोजली की बॅटरी किती भरलेली आहे ते कळतं. भरलेली असेल तर १.२८ च्या जवळपास, उतरली की १.१५ च्याही खाली. त्यासाठी लागतो तो हायड्रोमीटर: रबरी फुगा लावलेली काचेची नळी आणि आत तरंगणारा काटा. बॅटरीच्या दुकानात तो आजही दिसतो.

अडचण एकच. हायड्रोमीटर चालत्या गाडीत वापरता येत नाही. मग डॅशबोर्डवर व्होल्टमीटर आला, पण तो चढावर एक सांगायचा आणि गाडी थांबवून जरा वेळाने पाहिलं तर दुसरंच. शिवाय १८९७ मध्ये जर्मनीतल्या विल्हेल्म प्यूकर्टने दाखवून दिलं की बॅटरीत किती वीज आहे, या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. हळूहळू काढली तर जास्त मिळते, घाईघाईने ओरबाडली तर कमी. टाकीतलं पेट्रोल ॲक्सिलरेटर दाबल्याने आटत नाही. शिशाच्या बॅटरीचं जवळजवळ तसंच होतं.

यानंतर गोष्टीत थॉमस एडिसन येतो. शिशाची बॅटरी जड, आम्लाने खराब होणारी, म्हणून त्याने निकेल आणि लोखंडाची बॅटरी करायला घेतली. पहिलं मॉडेल गळायला लागलं, परत घ्यावं लागलं. पुन्हा काही वर्षं खपून त्याने सुधारलेली बॅटरी बाजारात आणली आणि १९११ पासून ती 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' गाडीत जादा पैसे मोजून मिळू लागली. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा नवऱ्याची मॉडेल टी सोडून जी गाडी चालवायची, ती हीच. एडिसनची बॅटरी दणकट होती. पूर्ण उतरली, महिनोन् महिने पडून राहिली तरी तिला फारसं काही होत नसे. पण तिच्यातला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी, आणि ते वीज येता-जाता खर्च होत नाही. भरलेली असो की रिकामी, घनता जवळपास तीच. हायड्रोमीटर बुडवून काही उपयोग नाही. बॅटरी सुधारली आणि मुकी झाली!

मुक्या बॅटरीचा हिशेब ठेवायचा तर आत किती आहे हे बघणं सोडून किती आली, किती गेली हे मोजायचं. हे काम करणारं यंत्र अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डची सँगामो कंपनी बनवत असे: अँपिअर-अवर मीटर. पाऱ्यात फिरणारी छोटी मोटर, तिला जोडलेला काटा. गाडी चालली की काटा एका दिशेने सरकायचा, चार्जिंगला लावली की उलटा. आता भरलेली सगळी वीज परत मिळत नाही, थोडी वाया जातेच. म्हणून चार्जिंगच्या वेळी हा मीटर मुद्दामच हळू फिरेल अशी सोय त्यात होती. मला हे वाचून फार मजा वाटली. आपण ज्याला कोडमधला करेक्शन फॅक्टर म्हणतो, तो या लोकांनी तारेच्या वेटोळ्यांत बसवला होता.

जाहिरातीतली रेंज आणि रस्त्यावरची रेंज हे भांडणही तेवढंच जुनं. डेट्रॉइट इलेक्ट्रिकची रेंज ८० मैल सांगितली जाई, पण एका चाचणीत ती एका चार्जवर २११.३ मैल, म्हणजे ३४० किलोमीटर गेली होती. मात्र या गाडीचा वेग ताशी तीसेक किलोमीटर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ७० ऐवजी १०० ने गेलं की तो दुप्पट होतो. आपल्याकडच्या प्रमाणित रेंजसाठीच्या चाचणीत, म्हणजे एमआयडीसी या ड्रायव्हिंग सायकलमध्ये, वेग ९० च्या वर जातच नाही, आणि ९० सुद्धा थोडा वेळच. बाकी सगळी शहरातल्यासारखी थांबत-थांबत चाल. सातारा रस्त्यावर तसं कोण चालवतं? २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफची रेंज जपानी चाचणीत २०० किलोमीटर भरली आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या चाचणीत ७३ मैल, म्हणजे ११७. गाडी तीच. खोटं कोणीच बोलत नव्हतं. परीक्षा वेगळ्या होत्या.

लीफच्या मालकांनी स्क्रीनवरच्या 'उरलेले किलोमीटर' या आकड्याला नाव ठेवलं, गेस-ओ-मीटर. अंदाजपंचे मीटर म्हणा. तो आकडा म्हणजे उरलेली वीज भागिले नुकताच झालेला खर्च. घाट उतरून आलात की गाडी तुम्हाला अमरत्वाचं आश्वासन देते, चढून आलात की मृत्युपत्र करायला सांगते. पुढचा रस्ता कसा आहे, हे त्या भागाकाराला ठाऊक नसतं.

पण आमच्या २१ वरून ९ चं काय? त्याचं उत्तर एडिसनपाशीच निघालं. आमच्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी आहे. हे रसायन १९९७ साली अक्षय पाढी आणि जॉन गुडइनफ यांच्या संशोधनातून जगापुढे आलं. स्वस्त, टिकाऊ, सहसा पेट न घेणारं. आणि पुन्हा मुकं. इतर लिथियम बॅटऱ्यांचं व्होल्टेज चार्जबरोबर बऱ्यापैकी उतरत जातं, त्यावरून टक्के ओळखता येतात. एलएफपीचं व्होल्टेज साधारण ८० टक्क्यांपासून २० पर्यंत जवळजवळ सपाट; सव्वातीन व्होल्टच्या आसपास, सगळा फरक शंभरेक मिलिव्होल्टच्या आत. त्यामुळे आजची गाडीही सँगामोच्याच वाटेने जाते, आली-गेली वीज मोजत राहते.

आणि बेरजेत चूक साठते. समजा बॅटरी १०० अँपिअर-अवरची आहे आणि सेन्सर अर्ध्या अँपिअरने चुकतो. दहा तास गाडी चालली की पाच टक्के हवेत. ही चूक आवरायला काल्मन फिल्टर वापरतात. रुडॉल्फ काल्मनने १९६० मध्ये मांडलेलं हे गणित अपोलोच्या यानांनी चंद्राची वाट शोधायला वापरलं. २००४ मध्ये ग्रेगरी प्लेट यांनी ते बॅटरीला कसं लावायचं हे सविस्तर लिहिलं. अंदाज करायचा, मोजमापाशी ताडायचा, दुरुस्त करायचा. पण ताडायला व्होल्टेजच सपाट असेल तर फिल्टर तरी काय करणार? खरी खूण दोनच ठिकाणी सापडते, पूर्ण भरल्यावर आणि तळाशी आल्यावर, कारण तिथे व्होल्टेज एकदम हलतं. म्हणून एलएफपी गाड्या अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात.

आम्ही काय करत होतो? बॅटरी जपायची म्हणून दोन महिने ८० च्या वर एकदाही नेली नव्हती. तो सल्ला मीच दिला होता, फोनच्या बॅटरीवरून. गाडीचा हिशेब रोज थोडा थोडा घसरत गेला. निघालो त्या रात्रीही तिच्यात ती मानत होती त्यापेक्षा कमी वीज होती, आणि कराडच्या पुढे तळ दिसू लागल्यावर तिने खरं ते सांगून टाकलं. एका अर्थी ती उडी म्हणजे दुरुस्ती होती. हे मी बाबांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे खरं बोलली, पण उशिरा."

आता दर रविवारी गाडी १०० टक्के भरतो. बाबांनी एक दोनशे पानी वही घातली आहे: निघतानाचे टक्के, पोचल्यावरचे टक्के, किलोमीटर, शेवटच्या रकान्यात 'घाट', 'पाऊस', 'एसी', 'आई सोबत'. मी म्हटलं, ॲप करून देते. नको म्हणाले. मागच्या कोल्हापूर फेरीत ते वहीप्रमाणे सातारच्या पुढे चार्जिंगला थांबले, तेव्हा स्क्रीनवर ४४ टक्के होते. मी काही बोलले नाही. चहा घेतला.