दर्या दौलतच्या भिंतीवरचा स्फोट



म्हैसूरला पाहुणे आले की मी त्यांना राजवाड्याआधी श्रीरंगपट्टणला नेतो. तिथे टिपूच्या दर्या दौलत महालाच्या भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचं भलंमोठं चित्र आहे. तारीख १० सप्टेंबर १७८०. त्याच साली नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदरशी हातमिळवणी केली होती, म्हणजे ही लढाई आपल्याला तशी परकी नाही. चित्रात कर्नल बेली पालखीत बसलाय, आणि इंग्रजांच्या फौजेत दारूगोळ्याची गाडी उडतेय.

पाहुणे टिपूकडे बघतात. मी तोफखान्यातला माणूस, मी त्या गाडीजवळचे शिपाई बघतो. ज्यांना तुकडे लागले, जे भाजले, ते जखमींत मोजले गेले असतील. पण ज्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता आणि जो कान धरून नुसता बसून राहिला, त्याला कोणी मोजलं असेल?

स्फोटाचा पहिला घाव हवेचाच असतो. दाबाची लाट क्षणात अंगातून जाते आणि जिथे हवा असते तिथे आधी मारते: कानाचे पडदे, फुप्फुसं, आतडी. तुकडे लागणं, माणूस फेकला जाणं, भाजणं हे वेगळे घाव.

पहिल्या महायुद्धात हे प्रकरण डॉक्टरांपुढे आलं. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. पण स्फोटापासून लांब असलेल्यांतही तीच लक्षणं दिसू लागली आणि संशय सुरू झाला: हा आजार की भित्रेपणा? पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्करानं गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती थेट २००६ साली.

१९४० मध्ये सॉली झुकरमन यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं, की फुप्फुसं फाटतात ती छातीवर आदळलेल्या लाटेनं. मेंदूला मात्र आणखी वाट पाहावी लागली. २०१६ मध्ये डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटात सापडलेल्या सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्यांत करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर व्रण सापडले. नेहमीच्या स्कॅनमध्ये असे व्रण दिसत नाहीत.

आता माझं सांगतो. माझ्या उजव्या कानात गेली तीस वर्षं रातकिडे ओरडतात. तोफखान्यात हे चालायचंच, म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेलं. निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीतही मी ‘काही तक्रार नाही’ म्हणून मोकळा झालो. ती मर्दुमकी नव्हती, मूर्खपणा होता.

तेव्हा नोकरीत असलेल्या पोरांनो, स्फोटाजवळ होतात तर डॉक्टरांना सांगा आणि तारखेनिशी लिहून घ्यायला लावा. उद्या त्रास सेवेमुळेच झाला हे दाखवायचं तर कागद लागतो. आणि घरच्यांनो, माणूस उगाच चिडतो, विसरतो, झोपत नाही, असं दिसलं तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी त्याला एवढंच विचारा: तू किती स्फोट जवळून ऐकलेस?

जय हिंद.