पावसाचा हिशेब बियाण्यात

रायपूरच्या गोल बाजारात दुबराज, विष्णुभोग यांसारख्या तांदळांना सुवासामुळे मान मिळतो. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने मात्र भाताची पारख शतकानुशतके आधी पावसावरून केली. पाणी न धरणाऱ्या भाठा जमिनीत हळवे भात आणि ओल टिकवणाऱ्या कन्हार जमिनीत गरवे, ही वाटणी लहरी मोसमी पावसाविरुद्धचा विमाच होती. पाऊस लवकर सरला तरी हळवे पीक हाती लागे; लांबला तर गरवे साधे.

‘बियासी’ची पद्धतही पावसाशीच बांधलेली आहे. फेकून पेरलेल्या भातात महिन्याभराने पाणी साचले की हलका नांगर फिरवतात; रोपे विरळ होतात, तण मरते. हे पाणी उशिरा आले की उत्पन्न घटते. १८९९ च्या अवर्षणात तर हा सारा विमा अपुरा पडला आणि दुष्काळ ओढवला.

१९७० च्या दशकात भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूरला राहून गावोगावचे १७,००० हून अधिक वाण जमवले. आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात २३,००० हून अधिक नमुने आहेत.

शीतगृहातील बी सुरक्षित राहते, परंतु बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याची क्रिया शेतातच घडते. सुवासिक वाण बाजार राखील. साध्या हळव्या वाणांना मात्र शेतकऱ्यावाचून वाली नाही.