सुट्टी, समुद्र आणि स्टायपेंड

अमेरिकेत पदवीला शिकणारी मुलं उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जाऊन प्राण्यांचं वर्तन नाहीतर शरीरक्रिया यांवर संशोधन करतात, आणि वर त्याचे पैसेही मिळतात! सुट्टीत कंपनीच्या सर्टिफिकेटसाठी वणवण करणाऱ्या आमच्यासारख्या इंजिनिअरांना हेवा वाटणारच. पण ही पद्धत आली कुठून?

तर, १८७३ साली लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्सजवळच्या पेनिकीज बेटावर उन्हाळी शाळा काढली. बेट आणि ५०,००० डॉलर दिले जॉन अँडरसन नावाच्या व्यापाऱ्याने. विद्यार्थी सुमारे ५०, बरेचसे शाळामास्तर, आणि त्यांत स्त्रियाही. पुस्तक मिटा, जिवंत प्राणी बघा, हा अगासीचा खाक्या. त्याच डिसेंबरात तो वारला आणि १८७४ च्या उन्हाळ्यानंतर शाळाही बंद पडली.

पण तिथे शिकलेला चार्ल्स व्हिटमन १८८८ मध्ये जवळच्याच वुड्स होलच्या मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीचा पहिला संचालक झाला. हा गडी कबुतरांच्या वर्तनाचा अभ्यासक. १८९२ मध्ये जॅक लोएबने तिथे फिजिऑलॉजीचा उन्हाळी कोर्स सुरू केला.

उन्हाळाच का? एक तर कॉलेजं बंद. दुसरं म्हणजे तिथल्या सी अर्चिनचा विणीचा हंगाम तेव्हाच, म्हणजे प्रयोगाला हवी तेवढी अंडी! १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट तिथे शिकवायला आला होता. याच अंड्यांत एक प्रथिन साठतं आणि पेशी विभागताना दर वेळी गायब होतं, असं त्याला दिसलं. हेच सायक्लिन. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मात्र सुट्टी सगळ्यांची सारखी नसते. ज्याला पुढच्या वर्षाची फी कमवायचीय तो पोरगा फुकट खेकडे कसे बघणार? नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९५८ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन योजना आणली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खर्चकपातीत ती गेली. १९८७ मध्ये ती 'आरईयू' या नावाने परतली, स्टायपेंडसकट. त्यातही मेख आहेच: हे पैसे फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या पोरांना ते मिळत नाहीत.

असो. कुतूहल गरिबाघरीही असतं, पण त्याच्या जेवणाखाण्याची सोय कुणीतरी करावी लागते. अँडरसनच्या बेटापासून आरईयूपर्यंतचा इतिहास मला तरी हेच सांगतो.