ऋतुमानातील बदल व लोकधारणा (यवतमाळ जिल्हा)

वर्धा व पैनगंगा या नद्यांमधील, १९०५ पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कापूसप्रधान मुलखात ‘हवामानबदल’ हा शब्द सरकारी परिपत्रकांतून आला. ‘पावसाचा नेम राहिला नाही’ हे शेतकऱ्याचे म्हणणे त्याचाच पर्याय होय, असे मानणे मात्र धाडसाचे ठरेल.

पेरणी : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असा कृषिखात्याचा सल्ला असला, तरी लवकर लागलेली पऱ्हाटी जोमदार, या हिशोबाने कोरड्या वावरात सरकीची धूळपेरणी करणारे थोडे नाहीत; पावसाने ओढ दिली म्हणजे रोपे माना टाकतात, तासे विरळ पडतात आणि दुबार पेरणीची पिशवी उधारीने आणावी लागते. विहीर नसलेल्याच्या या जुगारास अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होय.

महसुली दप्तर : प्रस्तुत विषयाचे सर्वांत विपुल साधन. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि पिकाची हानी किमान ३३ टक्के असेल तरच मदत, असा दंडक आहे. ढग फुटला एका शिवारात आणि पर्जन्यमापक राहिला दुसऱ्या गावी, म्हणजे लोकांचा रोष आभाळाऐवजी मोजणीवर उतरतो. तलाठी, कृषिसहायक व ग्रामसेवक धुऱ्यावर उभे राहून खरडलेल्या जमिनीचा गटक्रमांक टिपून घेत असताना ‘चिबडलेलं बी लिहा साहेब’ ही विनवणी ठरलेलीच. २२ जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्यांसाठी हवाईदलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. त्यानंतरही उरले ते पंचनामेच. पीकविम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. २०२३ ची एक रुपयाची विमायोजना २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या गुणदोषांविषयी तीव्र मतभेद आहेत.

योजना : जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (पोकरा) हा जिल्हा अंतर्भूत आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरलेल्या सोयाबीनचे जादा पाणी सरीवाटे निघून जाते व उघडिपीत ओल टिकते, हे शेजाऱ्याच्या वावरात पाहिल्यावर पटते. परंतु खर्च आधी स्वतः करून अनुदान मागाहून खात्यात येत असल्याने ज्याच्या हाती रोकड नाही तो पटूनही बाजूस राहतो.

नागरी पाणीपुरवठा : २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह जलाशयांनी तळ गाठल्याने यवतमाळ शहरात तीव्र टंचाई.

उष्मा : शेतमजुरीची कामे शक्यतो सकाळी उरकतात.